लालबागेतून आणलेली वाकळ

मुंबईहून परत आल्यापासून वेंगुर्ल्यात जो तो मला दोनच गोष्टी विचारतो. राणीची बाग बघितलीस का, आणि मुंबई महाराष्ट्राला मिळणार का. राणीची बाग मी बघितली नाही. आणि मुंबईचं मला काय विचारता? मी काय दिल्लीला जाऊन आले? मी गेले होते लालबागेत, माझ्या धाकट्या बहिणीकडे, मंदाकडे. तेही मुंबई बघायला नव्हे. मला तिच्याकडून एक वाकळ आणायची होती.

घाटावर जिला गोधडी म्हणतात तीच आमची वाकळ. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची आणि हातानं शिवायची. ही वाकळ आमच्या आईच्या लुगड्यांची. आई औषधपाण्यासाठी म्हणून मंदाकडे गेली ती तिथेच राहिली, आणि ऐन श्रावणात गेली. श्रावणात बोटी बंद. मला कळलं तोवर दिवसकार्यही उरकलं होतं. जाण्याआधी तिनं माझ्या लेकीला, कुसुमला, निरोप धाडला होता की तुझ्या पहिल्या पोराला माझ्या लुगड्यांच्या वाकळीवर निजव. आता कुसुम सावंतवाडीहून बाळंतपणाला माझ्याकडे यायची होती आणि वाकळीचा पत्ता नव्हता. गावाकडं येणाऱ्या-जाणाऱ्याकडून मंदाला विचारून पाठवावं तर एकच उत्तर यायचं, शिवून चाललीय. अगं, आई जिवंत असताना मांडलेली वाकळ अजून चाललीच आहे? मी एका दुपारी मशीनवर उडवली असती!

इथल्यांना माझं काम ठाऊक आहे, बाहेरच्यांसाठी सांगते. नवरा गेल्यापासून पायमशीन हाच माझा संसार. लग्नसराईत माझा पाय पायट्यावरून खाली उतरत नाही. दिल्या दिवशी न दिलेलं एक पोलकं माझ्या घरातून शोधून काढा आणि माझं नाव बदला. अशा बाईनं धाकट्या बहिणीची ढिलाई किती सोसायची? शिमगा झाला तशी मी ट्रंक भरली. कोकमं, सुके बांगडे, कुळथाचं पीठ. गिऱ्हाइकांना सांगितलं, ही गेले आणि ही आले.

माझगाव

बोटीचं वर्णन करत नाही. ज्यांना बोट लागते त्यांना ते नको असतं आणि ज्यांना लागत नाही त्यांना ते खरं वाटत नाही. एवढंच सांगते की रत्नागिरीच्या पुढं माझ्या शेजारच्या बाईचा फणस फुटला आणि भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत माझ्या लुगड्याला त्याचा वास होता.

धक्क्यावर मंदाचा नवरा दत्ताराम आला होता. हाडकुळा, उंच, डोळे सदा हसणारे. मिलमध्ये विणकर आहे. सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आला, पण ते सांगताना असं सांगतो जणू पाहुणचाराला गेला होता.

"आक्का, बोट लागली काय? तोंड बघा कसं झालंय, उकडलेल्या कोबीसारखं."

"मंदा का नाही आली?"

"तिची खानावळ आहे. पाळीवर जाणारे उपाशी जातील."

घोडागाडीतून माझगावच्या गल्ल्यांतून चाललो. भिंतीभिंतीवर चुन्यानं, डांबरानं लिहिलेलं, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. आमच्याकडे देवळाच्या भिंतीवर कोणी खिळा ठोकला तरी गावकी बसते, इथं गिरजाघराच्या कुंपणालाही सोडलं नव्हतं. दत्ताराम वाटेत मिलचं सांगत होता. तिथं मागाला साचा म्हणतात. आजवर एक विणकर दोन साचे बघायचा, आता मालक म्हणतात चार बघा. एक साहेब हातात घड्याळ घेऊन पाठीमागं उभा राहतो, तुटलेला धागा जोडायला किती वेळ लागतो ते मोजतो.

"मोजेना का," मी म्हटलं. "झटपट जोडला तर बिघडलं काय? मी तर बटणहोल करताना बोलतही नाही."

तो हसला, पण लगेच तोंड फिरवून त्यानं विडी पेटवली.

लालबाग

मनातल्या मनात मी मंदाची कीव करायची तयारी करून गेले होते. एका खोलीचा संसार, नळावर रांग, संडासाला रांग, माळ्यावर नवऱ्याच्या गावचे चौघे खानावळीला. माझं वेंगुर्ल्याचं घर मोठं, मागं माड, अंगणात विहीर. वाटलं होतं, बिचारी धुरानं काळवंडली असेल. गेले तर ही आपली टुकटुकीत! माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण दिसत होती दहानं. मला मिठी मारली नि म्हणाली, "काय गो आक्का, किती वाळलंस! जेवक बस आधी."

जेवण चांगलं होतं हे सांगायलाच हवं. बोंबलाचं कालवण असं, की मी दोनदा भात घेतला. फक्त मासे आमच्यासारखे ताजे नाहीत, हे मी तिला तिथल्या तिथं सांगितलं. ती म्हणाली, "म्हायत आसा गो, जेव."

पहाटे काळोखात उठून ती चुलीपुढं बसते. पहिल्या पाळीचे डबे, मग दुपारच्या पाळीची पंगत, मग भांड्यांचा ढीग. हे सगळं मी बघितलं आणि मला बरं वाटलं, म्हणजे कष्ट मलाच आहेत असं नाही. पण दुपारचा भोंगा झाला, एक पाळी आत गेली आणि एक बाहेर आली, आणि मंदानं पदर झटकला. खुंटीवरचं बोचकं काढून गॅलरीत नेऊन उलगडलं. आईची लुगडी!

हिरवं इरकली, जे ती दिवाळीला नेसायची. जांभळं, ज्याच्या पदराला मी लहानपणी नाक पुसलं होतं. शेणाच्या रंगाचं ते रोजचं. सगळी एकात एक शिवलेली. कडेपासून आत आत, ओळीमागं ओळ, तांदळाच्या दाण्याएवढा धावता टाका. मी जांभळ्या पदरावरून हात फिरवला. आणि दुसऱ्याच क्षणी, खोटं कशाला सांगू, माझा जळफळाट झाला. ही लुगडी मंदाच्या मांडीवर का?

चाळीतल्या बायका येऊन बसल्या. प्रत्येकीनं आपापली कड धरली, सुया निघाल्या. त्यातली ताराबाई मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला. साताऱ्याकडची, पाठीमागच्या चाळीत राहणारी. तिच्या घरच्यांनी दोनतीन वर्षांमागं बुद्धधर्म घेतलेला. आमच्या गावात तिला ओटीच्या खाली बसवली असती, इथं ती मंदाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि मंदानं तिच्या तोंडात लवंग घातली. मी जरा सरकून बसले. कोणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा येऊनही त्यांनी तसं दाखवलं नाही.

वाकळीच्या मधोमध पाटाएवढीच जागा शिवायची राहिली होती.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "हे उद्या होईल."

बायका एकमेकींकडं बघून हसल्या. मला राग आला. मीही सुई घेतली आणि त्यांना दाखवलंच. त्यांची वीतभर ओळ होते न होते तोवर माझी चहूबाजूंनी फिरून जागेवर आली. कोणी वाहवा म्हणेल म्हणून मान वर केली, तर कोणीच बघत नव्हतं. कोणाच्या तरी सासूची गोष्ट रंगली होती.

ताराबाईनं मात्र बघितलं होतं. "बाई, तुमचा हात लई चालतो."

"सवय आहे."

"मिलीत माझाबी असाच चालतो. सूत पळतं आन् मी त्याच्यामागं पळते. हितं मी नाही पळत. हितं सूत माझ्यामागं येतं." असं म्हणून तिनं चार टाके घातले आणि सुई मांडीवर टेकवून समोरच्या गॅलरीतलं कोणाचं तरी भांडण बघत बसली.

मला ते मुळीच पटलं नाही. काम करायचं तर करावं, नाहीतर भांडण बघावं. पण आठदहा बायका एका वाकळीभोवती बसून एवढ्या हसतात आणि मी वर्षानुवर्षं एकटी भिंतीकडं तोंड करून शिवते, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

"आजी हितंच बसायच्या," ताराबाई म्हणाली, माझ्या शेजारची भिंत दाखवून. "काय गोष्टी सांगायच्या! तुम्ही लहानपणी होडीतून पडलात ती सांगताना तर हसून हसून खोकला यायचा त्यांना."

"आई? गोष्टी?" आमची आई माझ्याकडे असताना दिवसाला चार वाक्यंही बोलत नसे.

"तर! मी इचारलं एकदा, थोरलीकडं का जात नाही? तर म्हणाल्या, तिच्याकडं बोलायला गेलं की मशीनच मधी बोलतं."

ती सहज म्हणाली, तिच्या मनात काही नव्हतं. पण मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मशीन बोलतं! अगं आई, ते मशीन गप्प बसलं असतं तर तुझ्या तोंडात घास कुठून पडला असता? मी हे मोठ्यानं म्हटलं नाही. रात्री अंथरुणावर मात्र मनातल्या मनात आईशी आणि मंदाशी मनसोक्त भांडले.

दादर

मला दोरे, हूक आणि चांगली कात्री घ्यायची होती. मंदाला वेळ नव्हता, म्हणून एकटीच ट्रामनं दादरला गेले. ट्राम आमच्या बैलगाडीपेक्षा थोडी घाईची आणि एसटीपेक्षा पुष्कळ शहाणी, मला आवडली. दादरच्या बाजारात मात्र डोळे फिरतात. पोलकी, परकर, झबली, टोपडी, सगळं शिवून तयार टांगलेलं. माझ्या पोटावर पाय आणणारी ती सगळी दुकानं मी बारकाईनं बघितली. टाके लांब होते, शिलाई कच्ची. समाधान वाटलं.

एका गाद्या-दुपट्यांच्या दुकानात मालकाला म्हटलं, हातानं शिवलेल्या वाकळी घ्याल का? टाका कसा ते पिशवीवर घालून दाखवला. तो मान हलवायला लागला.

"असला हात आहे? आणा. किती बायका आहेत? रोज किती होतील?"

ट्राममध्ये माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. एका बाईनं फक्त कडा, एकीनं फक्त मधलं, ताराबाईनं लुगडी अंथरायची. असं वाटून दिलं तर महिनोन् महिने कुजत पडलेलं काम आठवड्यात होईल. मंदाची खानावळ सुटेल. आणि हे सगळं कोणामुळं? वेंगुर्ल्याच्या आक्कामुळं! चाळ माझं नाव घेईल.

जिना चढतानाच मी ओरडत गेले. मंदा कांदा चिरत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"नाय गो," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नको. त्या दुपारच्या वेळात मी कोणाचंच काम करत नाय. ना नवऱ्याचं, ना खानावळीचं, ना दुकानदाराचं."

"अगं, पण हात तर चालतातच ना तुमचे? मग त्याचे चार पैसे झाले तर काय..."

"मग तो घड्याळ घेऊन येतलो," मंदा म्हणाली आणि कांद्यानं आलेलं डोळ्यातलं पाणी मनगटानं पुसलं.

दत्ताराम कोपऱ्यात कपडे बदलत होता. "तिला मी पण सांगून थकलो, आक्का," तो म्हणाला. "आता नाही सांगत. मिलीत चार साचे नकोत म्हणून आम्ही संप करायची भाषा करतो, आणि घरी येऊन बायकोला म्हणायचं दोन हातांचे चार कर, हे काय बरं दिसतं?"

दोघं एकमेकांकडं बघून हसली. त्या हसण्याचाही मला हेवा वाटला. माझ्याकडं बघून असं हसणारं माणूस मला राहिलं नाही, आणि होतं तेव्हा हसायला फुरसत नव्हती.

गिरगाव

मिलच्या सुटीदिवशी चौपाटीवर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. लालबागेतून माणसं झुंडीनं निघाली. बायका पुढं, त्यात मंदा आणि ताराबाई, हातात हात घालून. आमच्याकडे बायका घोळक्यानं निघतात त्या हळदीकुंकवाला. इथं घोषणा देत निघतात, आणि पोलीस दिसला की आवाज आणखी चढवतात. मीही ओरडून बघितलं. पहिल्या वेळी आवाज चिरकला, मग जमलं. बरं वाटतं, एकदा करून बघावं.

वाटेत दत्तारामनं खोताच्या वाडीतून नेलं. लाकडी घरं, रंगीत कठडे, पायरीवर झग्यातल्या म्हाताऱ्या. एवढ्या गजबजलेल्या गिरगावात ही गल्ली वेंगुर्ल्याहून कोणीतरी उचलून आणून ठेवली असावी. मला घराची आठवण आली आणि आठवणीबरोबर शिवायची राहिलेली पोलकीही आठवली.

सभेत गर्दी एवढी की समुद्र दिसेना. भाषणं लांबली. बघते तर मंदानं कनवटीची पट्टी काढली, वाकळीच्या कडेला लावायची, आणि वाळूत बसून शिवायला लागली. टाळ्या पडल्या की सुई ओठांत धरून टाळ्या वाजवायची.

"गिळशील एक दिवस," मी म्हटलं. "आणि भाषण ऐकतेस की शिवतेस?"

"दोन्ही. घाई कसली नाय ना."

परत येताना आम्ही पुरीभाजी खाल्ली. ताराबाईनं स्वतःच्या पुडक्यातली ज्वारीची भाकरी मोडून सगळ्यांना दिली. मंदा म्हणाली, "आईला हिची भाकरी भारी आवडायची. शेवटी शेवटी दुसरं काही जात नव्हतं तिच्या तोंडात."

आमची आई, जिनं उभ्या जन्मात परक्याच्या घरचं पाणी घेतलं नाही, ती ताराबाईच्या हातची भाकरी खाऊन गेली. माझ्या हातचं खाऊन नव्हे. मी माझा तुकडा हातातच धरून बसले, मग खाल्ला. चांगली होती.

पुन्हा लालबाग

बोट दुसऱ्या दिवशी सकाळची होती. वाकळ जशीच्या तशी. मधली पाटाएवढी जागा तळव्याएवढीही कमी झाली नव्हती. दुपारी बायका जमल्या, सुया निघाल्या, सासवांच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि माझा तोल गेला.

"मंदा, उद्या माझी बोट आहे. मला वाकळ हवी. आज बंद कर."

इथं आमची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आईच्या माहेरची रीत आहे. वाकळ कडेकडून आत शिवत यायची. अगदी शेवटी मधे फटीएवढी जागा ठेवायची, तिथं भाकरीचा वाळका तुकडा आत घालायचा, वाकळीचं पोट रिकामं राहू नये म्हणून, आणि मग शेवटचा टाका घालून बंद करायची. तो टाका घरातली थोरली बाई घालते. आणि जी तो टाका घालते, ती वाकळ तिची नाही. तिनं ती दुसऱ्या कोणाला द्यायची. मोठेपण घ्यायचं तर वाकळ सोडायची.

मंदानं स्वतःची सुई ओवली आणि माझ्यापुढं धरली.

"तूच बंद कर, आक्का. आयेन सांगितलान हा, शेवटचो टाको आक्काचो. म्हणूनच मी..."

मी तिला बोलू दिलं नाही. माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला असं मला वाटलं.

"वा गं वा!" मी म्हटलं. "मी टाका घालायचा म्हणजे मी वाकळ सोडायची. आणि मग ती कोणाकडं राहणार? तुझ्याकडं! आईला तू ठेवून घेतलीस, तिची लुगडी ठेवून घेतलीस, तिच्या गोष्टी या बायकांना वाटल्यास, आता वाकळही माझ्याच हातानं काढून घेतेस? मोठी हुशार हो! नको मला तुझं थोरलेपण. तू घाल टाका. तू घाल आणि वाकळ मला दे."

बायकांच्या सुया थांबल्या. 

 मंदानं सुई मागं घेतली. ताराबाई काही सांगायला गेली तर मंदानं तिचा हात दाबला. मग वाकळ दोन्ही मांड्यांवर ओढून घेतली, बायकांच्या हातांतल्या कडा सुटल्या, आणि ती शिवायला लागली.

काय सांगू तुम्हाला! मी माझ्या आयुष्यात इतका भरभर हात बघितला नाही. मशीन चालतं तसा म्हणणार होते, पण मशीनला दोरा बदलायला तरी थांबावं लागतं. सुई वर दिसायची आणि खाली दिसायची, मधे दिसतच नव्हती. टाका तोच, तांदळाच्या दाण्याएवढा, एक वाकडा नाही, एक मोठा नाही. वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत माझ्या हाताशी बरोबरी करणारी बाई नाही असं मी मानत आले. आणि ही माझी ढिली, गप्पिष्ट बहीण, जिला मी जन्मभर आळशी म्हटलं, ती माझ्या दुप्पट वेगानं शिवत होती. येत होतं तिला. पहिल्यापासून येत होतं. तिनं तो वेग कोणाला दिलाच नव्हता, ना मिलला, ना दादरला, ना मला.

बायका नुसत्या बघत होत्या, हात रिकामे. ऊन गॅलरीच्या कठड्यावरून उतरायच्या आत पाटाएवढी जागा फटीएवढी झाली.

"ताराबाय, भाकरी आसा?" मंदानं मान वर न करता विचारलं.

ताराबाईनं घरून वाळका तुकडा आणून दिला. मंदानं तो आत सरकवला, शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला. वाकळीची घडी करून माझ्या मांडीवर ठेवली.

"घे. तुका व्हयी होती ना."

आणि उठून चूल पेटवायला गेली. बायकाही उठल्या. एरवी त्यांना उठवायला चुलींचा धूर लागायचा.

भाऊचा धक्का

सकाळी मंदानं वाटेसाठी डबा बांधून दिला, पाया पडली, धक्क्यावर मात्र आली नाही. पंगतीचं निमित्त होतं. दत्तारामनं ट्रंक उचलली. वाकळ मी कोणाच्या हातात दिली नाही, छातीशी धरून बसले. जिंकले होते मी. एवढ्या लांब आले होते ते घेऊन चालले होते.

बोटीवर चढायची वेळ झाली तेव्हा दत्ताराम म्हणाला, "आक्का, एक बोलू? रागावणार नसाल तर."

"बोला."

"म्हातारीनं सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो. म्हणाली, शेवटचा टाका आक्काचा. तिनं वाकळ बंद करायची आणि स्वतःच्या हातानं कुसुमला द्यायची. थोरलीचा मान पण राहील आणि वाकळ पण तिच्याच घरात जाईल. मंदानं म्हणून ती जागा इतके महिने शिवली नाही. बायकांना पण शिवू देत नव्हती, नुसतं कडेला हात चालवायचं नाटक. तुम्ही यायची वाट बघत होती."

मला ती रीत आठवली. दुसऱ्या कोणाला द्यायची! दुसरी म्हणजे मंदाच असणार असं मी धरून चालले. माझी स्वतःची लेक मला सुचली नाही.

"मग ती बोलली का नाही?"

"तुम्ही बोलू दिलंत का?" तो म्हणाला. एवढ्यात भोंगा झाला आणि लोकांनी मला शिडीवर ढकललं.

बोटीत त्या दिवशी मला ओकारी झाली नाही. रडायला वेळ मिळाला.

वेंगुर्ला

कुसुमला मुलगी झाली. गोरी, आमच्या आईच्या कपाळाची. वाकळीवर झोपते. सगळा गाव येऊन वाकळ बघून जातो. बायका टाक्यावरून बोट फिरवतात आणि म्हणतात, सुलोचनाबाय, असा हात तुमचाच. मी सांगते, माझा नव्हे, माझ्या बहिणीचा. मंदाला मी निरोप धाडला आहे, दिवाळीला ये म्हणून. तिचं उत्तर आलं, नवी वाकळ मांडली आहे, बघू.

नवी वाकळ! कोणाच्या लुगड्यांची, कोण कोण बसतं, ताराबाई कुठल्या कडेला, सगळं मला कळायला हवं आणि काहीच कळत नाही. दुपारचे भोंगे इथं होत नाहीत, तरी त्या वेळेला माझा पाय मशीनवर जड होतो.

एक गोष्ट मी ठरवली होती. तो शेवटचा टाका उसवायचा आणि माझ्या हातानं पुन्हा घालायचा. आईनं तो मला दिला होता, तो मी मंदाकडं ठेवणार नाही. एकच टाका, कात्रीचं एक टोक पुरे. म्हणून एका दुपारी बाळ आतल्या खोलीत निजलं असताना मशीन बंद केलं, वाकळ मांडीवर घेतली आणि मधोमध शोधायला लागले. ओळी गोल फिरत आत जातात, आत गेल्यावर एकमेकींत मिसळतात. भाकरीचा तुकडा बोटाला लागतो. त्याच्याभोवती टाके, सगळे सारखे, सगळे तांदळाच्या दाण्याएवढे. यातला शेवटचा कुठला? गाठही तिनं आत दडवली आहे. इतकी वर्षं टाके बघण्यात गेली माझी, आणि मला तो एक टाका ओळखता येईना.

तेव्हापासून रोज दुपारी बसते. पहिल्यांदा कुसुम हसली, मग तीही शेजारी येऊन बसायला लागली. परवा मामलेदारांच्या सूनबाई पोलक्यासाठी आल्या होत्या, त्याही टेकल्या आणि शोधू लागल्या. त्यांचं पोलकं अजून व्हायचं आहे. टाका सापडलेला नाही.